जी मेजरमधील मिन्युएट: सहा मात्रांचा हिशेब धरून कसा बसवावा

पियानो किंवा कीबोर्ड शिकणाऱ्याच्या हाती पहिल्या एक-दोन वर्षांत जी मेजरमधील एक मिन्युएट, म्हणजे जुन्या दरबारी नृत्याचा एक तुकडा, हमखास येतो. त्याला ‘बाखचा मिन्युएट’ म्हणण्याची सवय आपल्याकडे अजूनही आहे. बत्तीस बारांची ही छोटी रचना वाचायला सोपी असल्यामुळे ती लवकर ‘येते’ आणि बहुतेकांच्या हातात एकाच पद्धतीने बिघडते: प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेवर सारखाच ठोका, डावा हात मागे कुठेतरी दबलेला आणि तीन-तीन मात्रांचे वेगवेगळे तुकडे एकामागून एक ठेवल्यासारखी चाल. हे सारे टाळायचे असेल तर बोटे ठेवण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते, ती म्हणजे मिन्युएट लिहिला जातो तीन मात्रांत, परंतु नाचला जातो सहा मात्रांत. पुढील मार्गदर्शन त्याच धाग्याने केले आहे. वाचकाला दोन्ही स्टाफ सावकाश का होईना वाचता येतात, एवढे यात गृहीत धरले आहे.

योहान सेबास्टियान बाखची दुसरी पत्नी आना माग्डालेना ही व्यवसायाने गायिका होती. तिच्यासाठीच्या दोन संगीतवह्या प्रसिद्ध आहेत, एक १७२२ची आणि दुसरी १७२५ची. दुसऱ्या वहीत बाखच्या दोन मोठ्या पार्टिटांनंतर (नृत्यांच्या मालिकांनंतर) घरगुती वादनाचे छोटे तुकडे सुरू होतात आणि त्यांत हा मिन्युएट तिच्याच हस्ताक्षरात, रचनाकाराचे नाव न लिहिता उतरवलेला आहे. नाव नसल्यामुळे तो बाखचाच असणार असे पुढे दीर्घकाळ मानले गेले. १९७०च्या दशकात संशोधकांनी तो क्रिस्टियान पेत्सोल्ट याचा असल्याचे दाखवून दिले. पेत्सोल्ट (१६७७–१७३३) हा ड्रेस्डेनमधील सोफिया चर्चचा ऑर्गनवादक होता, आणि १७२५च्या सप्टेंबरमध्ये बाखने त्याच चर्चमधील झिल्बरमानने बांधलेल्या ऑर्गनवर वादन केले होते. बाखच्या रचनांच्या सूचीत हा तुकडा आज परिशिष्टातील ११४ क्रमांकावर आहे. लगेच पुढचा ११५ क्रमांकाचा जी मायनरमधील मिन्युएट हा त्याचा जोडीदार असून तोही पेत्सोल्टचाच आहे. रचनाकार बदलल्याने वाजवण्याच्या पद्धतीत एक उपयोगी फरक पडतो: थोर गुरूची रचना म्हणून अंगावर येणारे गांभीर्य उतरते आणि समोर उरतो तो दरबारी नृत्याचा एक नेटका, हलका तुकडा.

प्रत निवडताना काळजी घ्यावी. मूळ वहीत जोर-मंद दाखवणाऱ्या खुणा नाहीत. बाजारातील शिकाऊ पुस्तकांत दिसणारे लांबलचक स्लर, स्टॅकाटोचे ठिपके, ‘मोठ्याने’ आणि ‘हळू’ अशा सूचना बहुतांशी नंतरच्या संपादकांच्या आहेत. त्या चुकीच्याच असतात असे नाही, पण त्या आज्ञा नव्हेत. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात. तेथील एखादी कमी खुणांची प्रत छापून घ्यावी आणि आपल्या खुणा आपण पेन्सिलीने कराव्यात.

वाद्याची अडचण सहसा येत नाही. रचनेतील सर्वात खालचा स्वर म्हणजे मधल्या सीच्या दोन सप्तके खाली असलेल्या सीनंतर येणारा जी आणि सर्वात वरचा म्हणजे सतराव्या बारमधील बी. त्यामुळे एकसष्ट पट्ट्यांच्या साध्या कीबोर्डवर हे सर्व आरामात मावते. कीबोर्डवर वाजवताना आपोआप वाजणारी साथ आणि डावा-उजवा भाग तोडणारी ‘स्प्लिट’ची सोय मात्र बंद ठेवावी, कारण साथीचा ठेका सुरू झाला की या रचनेचा जीवच जातो. हार्पसिकॉर्डचा आवाज उपलब्ध असेल तर अधूनमधून तो लावून, स्पर्शानुसार आवाज बदलण्याची सोय बंद करून सराव करावा. याचे कारण पुढे येईल. हार्मोनियमवर डावा हात भात्यात अडकत असल्याने केवळ वरची ओळ वाजवता येते, परंतु संगीत नाटकाच्या काळातील पायपेटी किंवा ऑर्गन कोणाच्या घरी चालू स्थितीत असेल तर त्यावर दोन्ही हातांनी हा मिन्युएट वाजवून पाहावा. तो तेथे अनपेक्षितपणे शोभतो.

रचनेचा सांगाडा

सोळा बारांचे दोन भाग असून प्रत्येक भाग दोनदा वाजतो, म्हणजे एकूण चौसष्ट बार आणि १९२ मात्रा. सूचीचिन्हात, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या खुणांत, एकच शार्प आहे, एफचा. ज्यांचा कान सरगमवर घडला आहे त्यांनी पांढरी पाचला, म्हणजे जीला, षड्ज मानावा. वरच्या ओळीचे पहिले आठ बार मग असे वाचता येतात: प सारेगम | प सा सा | ध मपधनी | सां सा सा | म पमगरे | ग मगरेसा | नी सारेगसा | रे. येथे सुटा लिहिलेला स्वर एका मात्रेचा आणि जोडून लिहिलेले स्वर प्रत्येकी अर्ध्या मात्रेचे आहेत. सातव्या बारमधील नी मंद्र सप्तकातील असून आठव्या बारमधील रे पूर्ण तीन मात्रा टिकतो. नवव्यापासून चौदाव्या बारपर्यंत वरची ओळ तीच पुन्हा येते आणि शेवटच्या दोन बारांत रे गरेसानी | सा असे बोलून षड्जावर थांबते. आठव्या बारमध्ये रेवर लोंबकळत ठेवलेले वाक्य सोळाव्या बारमध्ये पूर्ण होते, एवढे लक्षात आले की पहिला भाग अर्धाअधिक पाठच झाला.

दुसऱ्या भागात विसाव्या बारपासून सी शार्प येतो, म्हणजे आपल्या हिशेबाने तीव्र मध्यम. येथे यमन आठवणे साहजिक आहे, पण ती आठवण दिशाभूल करते. यमनात तीव्र मध्यम लागला तरी षड्ज जागचा हलत नाही, तर येथे षड्जच जीवरून डीवर सरकतो आणि चोविसाव्या बारमध्ये रचना खरोखर डीच्या घरी जाऊन बसते. त्याच बारमध्ये डावा हात शेवटच्या मात्रेला शुद्ध सी वाजवतो आणि तेवढ्या एका स्वराने परतीचा रस्ता उघडतो. हा सी डाव्या हाताने पुसट वाजवला की ऐकणाऱ्याला पंचविसावा बार अचानक कोठून आला हे कळत नाही. म्हणून तो स्पष्ट आणि पुढच्या बारकडे झुकलेला असावा.

यापुढे एक सुंदर जुळणी आहे. एकविसाव्या आणि बाविसाव्या बारमध्ये उजवा हात ए बी सी शार्प डी ई एफ शार्प, मग जी एफ शार्प ई असा चढून उतरतो. एकोणतिसाव्या आणि तिसाव्या बारमध्ये हीच आकृती पाच स्वर खाली, डीपासून सुरू होऊन येते: डी ई एफ शार्प जी ए बी, मग सी बी ए. एकदा परक्या घरात, एकदा स्वतःच्या. या दोन जागा एकत्र काढून, एकापाठोपाठ एक, त्याच बोटांनी बसवाव्यात.

डावा हात आधी

बहुतेक जण उजवा हात पक्का करून मग डावा ‘जोडतात’, आणि तेथेच तो साथीदार ठरतो. मी उलट क्रम सुचवेन. पहिला भाग आधी केवळ डाव्या हाताने, एखादे गाणे वाजवल्यासारखा वाजवावा. पहिल्या बारमधील जी-बी-डी हा तिहेरी स्वरसमूह आणि त्यानंतरचा ए सोडला तर पुढचे पाच बार बी, सी, बी, ए, जी असे प्रत्येकी एकच लांब स्वर आहेत. ही एक चढून उतरणारी संथ ओळ आहे. प्रत्येक स्वर पुढचा स्वर येईपर्यंत धरून ठेवावा. पट्टीवरून बोट लवकर उचलण्याची सवय नवशिक्यांना फार असते आणि या पाच बारांत ती उघडी पडते. सातव्या बारमध्ये डी बी जी अशा तीन सुट्या मात्रा आल्या की डावा हात चालू लागतो, आणि आठव्या बारमध्ये उजवा हात रेवर थांबलेला असताना तो खालच्या डीवर उडी मारून सी बी ए असा उतरत नवव्या बारला घेऊन येतो. ही जागा डाव्या हाताची आहे. तेथे उजव्या हाताचा लांब स्वर मोठा वाजला तर ती ऐकूच येत नाही.

बाराव्या बारकडे विशेष लक्ष द्यावे. सहाव्या बारमध्ये उजव्या हाताने जे म्हटले, बी आणि मग सी बी ए जी, तेच येथे डावा हात एक सप्तक खाली म्हणतो, आणि लगेच दोन बारांनी उजवा हात ते पुन्हा म्हणतो. आवाजांचा हा संवाद ऐकू येण्यासाठी तिन्ही ठिकाणी बोटांचा स्पर्श, जोडणी आणि श्वास एकसारखा हवा. आधी उजव्या हाताने सहावा बार वाजवावा, लगेच डाव्या हाताने बारावा, आणि कान दोन्हींत फरक करीनासा होईपर्यंत हे चालू ठेवावे.

उजव्या हाताची बोटे ठरवताना अंगठ्याला १ आणि करंगळीला ५ मानण्याचा नेहमीचा क्रम धरावा. पहिला बार ५, मग १-२-३-४, दुसरा ५-१-१, तिसरा आणि चौथा त्याच रीतीने, हात वर सरकवून. पाचवा ४, ५-४-३-२. सहावा ३, ४-३-२-१. सातव्या बारच्या सुरुवातीला दुसरे बोट अंगठ्यावरून ओलांडून एफ शार्पवर ठेवावे, म्हणजे पुढे १-२-३-१ आणि आठव्या बारमधील ए या स्वरावर २ असा हात शांतपणे पोहोचतो. एकविसाव्या बारच्या चढाला १-२-३, मग अंगठा खालून घेऊन १-२-३. एकोणतिसाव्यालाही तेच. हाताच्या आकारानुसार यात फेरफार करायला हरकत नाही, पण एकदा ठरवलेली बोटे रोज बदलू नयेत.

सहा मात्रा

फ्रेंच दरबारातून युरोपभर गेलेल्या या नृत्याचे मूळ पाऊल सहा मात्रांत चार पदन्यास असे असते, म्हणजे एक पाऊल पुरे व्हायला लिहिलेले दोन बार लागतात. जोडपे एकमेकांसमोर ‘झेड’ या रोमन अक्षरासारखी वाट काढत, एकमेकांना ओलांडून जाई आणि संगीताचे वाक्य त्या चालीला सांभाळून घेई. म्हणून या रचनेत बारांच्या जोड्या कराव्यात: पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, आणि असेच शेवटपर्यंत. विषम बार भरीव, सम बार त्यात विसावणारा. दुसऱ्या बारमधील दोन जी जर पहिल्या बारमधील डीइतकेच जड वाजले तर पाऊल मध्येच अडखळते. दादऱ्याच्या सहा मात्रा हाताशी असलेल्या वाचकाला हे मोजायला सोपे जाईल, परंतु मोजण्यापुरतेच. दादऱ्याची लचक मिन्युएटमध्ये आणू नये, कारण या नृत्याचा डौल सरळ कण्याचा आहे.

सरावाची रीत अशी. प्रथम वाद्यापासून दूर बसून वरची ओळ मनात किंवा गुणगुणत म्हणावी आणि दर सहा मात्रांनी एकदाच टाळी द्यावी. मग मेट्रोनोम घ्यावा. सुरुवातीला मिनिटाला ६० या गतीने प्रत्येक मात्रेला एक ठोका, नंतर ८०, नंतर १००. गती १२०पर्यंत आली की मेट्रोनोम ४०वर आणावा, म्हणजे ठोका प्रत्येक बारला एकदाच पडतो. लाकडी पेटीतल्या जुन्या मेट्रोनोमची सर्वात संथ गती हीच असते. मोबाइलवरील मेट्रोनोम त्याखाली जात असेल तर तो २०वर ठेवून दोन बारांना एक ठोका घ्यावा. येथे बहुतेकांची गती डळमळते. ती डळमळणे हाच या सरावाचा उपयोग आहे, कारण कोणत्या बारमध्ये आपण घाई करतो ते नेमके कळते. पाचव्या-सहाव्या बारच्या उतरणीवर घाई होण्याची शक्यता सर्वात जास्त.

अंतिम गती किती असावी? योहान योआखिम क्वांट्स या बासरीवादकाने, ज्याची उमेदीची बरीच वर्षे ड्रेस्डेनमध्येच गेली, १७५२च्या आपल्या ग्रंथात मिन्युएटसाठी नाडीच्या एका ठोक्याला दोन मात्रा सांगितल्या आहेत आणि नाडी मिनिटाला सुमारे ८० धरली आहे. हिशेब १६०वर जातो. आज वर्गात ऐकू येणाऱ्या चालीपेक्षा हे बरेच वेगवान आहे. ती गती गाठलीच पाहिजे असे नाही. १२० ते १३२ या टप्प्यात पाऊल जिवंत राहते आणि बोटांनाही अवकाश मिळतो. १२०ला दोन्ही पुनरावृत्तींसह रचना सुमारे ९६ सेकंदांत संपते. मात्र १००च्या खाली, कितीही भावपूर्ण वाजवले तरी, नाचणाऱ्याचा पाय हवेत अडकून राहतो असे माझे मत आहे.

आता हार्पसिकॉर्डकडे. त्या वाद्यात पट्टी दाबली की तार खुडली जाते आणि बोटाच्या जोराने आवाज फारसा बदलत नाही. मग वादक वजन देत तरी कसा? आधीचा स्वर किंचित लवकर सोडून. दोन स्वरांमध्ये निसटती फट राहिली की पुढचा स्वर ठळक वाटतो आणि स्वर पूर्ण लांबीचा धरला की तो जड वाटतो. म्हणूनच स्पर्शाचा परिणाम बंद करून सराव करायला वर सुचवले आहे: जोर वापरता येत नाही तेव्हा बोटे वेळेचा वापर शिकतात. व्यवहारात एक ठोकताळा पुरतो. अर्ध्या मात्रेचे स्वर जोडून आणि एका मात्रेचे स्वर थोडे सुटे वाजवावेत. पहिल्या बारमधील डी जरा सुटा, मग सारेगम ही ओळ सलग, ती दुसऱ्या बारमधील डीपर्यंत न तुटता जावी, आणि त्यानंतरचे दोन जी सुटे व हलके. सुटे म्हणजे टोचलेले नव्हे. सर्व स्वरांवर स्टॅकाटो केल्यास रचना बोचरी होते. पियानोवर उजवे पेडल या तुकड्यात वापरूच नये.

अलंकरणाचा प्रश्न प्रत पाहून सोडवावा, कारण वेगवेगळ्या आवृत्त्यांत खुणा वेगवेगळ्या आहेत. मोठ्या मुलासाठी १७२०मध्ये सुरू केलेल्या वहीत बाखने स्वतः अलंकारांचा तक्ता दिला आहे. त्यानुसार उभी रेघ मारलेल्या नागमोडी खुणेचा मॉर्डेंट म्हणजे मूळ स्वर, खालचा शेजारी, पुन्हा मूळ स्वर, आणि ट्रिलची, म्हणजे दोन शेजारी स्वर झपाट्याने आलटून-पालटून वाजवण्याची, सुरुवात वरच्या शेजाऱ्यापासून होते. दोन्ही मात्रेवर सुरू करावेत, मात्रेच्या आधी नव्हे. रचना अलंकाराविना गतीत बसेपर्यंत ते वगळावेत. नंतरही पहिल्या वेळी साधे आणि पुनरावृत्तीत एक-दोन अलंकार, अशी वाटणी करणे त्या काळाच्या रीतीला धरून आहे. प्रत्येक लांब स्वरावर काहीतरी थरथरत ठेवणे हे आजच्या हौशी वादकांचे दुखणे आहे.

रचना एकट्याने नीट उभी राहिली की तिचा जोडीदार असलेला जी मायनरमधील मिन्युएट हाती घ्यावा. तोही बत्तीस बारांचा आहे, सूचीचिन्हात दोन फ्लॅट आहेत आणि त्याची चाल अधिक अंतर्मुख आहे. गती तीच ठेवावी, कारण नाचणारी मंडळी बदललेली नाहीत. जोडीने वाजवण्याची रूढ रीत अशी की आधी मेजर दोन्ही पुनरावृत्तींसह, मग मायनर दोन्ही पुनरावृत्तींसह आणि शेवटी मेजर पुन्हा, पण यावेळी पुनरावृत्ती न करता. आपल्याकडील अनेक विद्यार्थी हा तुकडा मुंबई, पुणे किंवा गोव्यात लंडनच्या मंडळांच्या परीक्षांसाठी बसवतात. पुनरावृत्ती वाजवायची की नाही हे त्या परीक्षेच्या चालू वर्षाच्या नियमांत पाहून घ्यावे, आणि पुनरावृत्ती नसेल तर सोळाव्या बारमधील जी पूर्ण तीन मात्रा धरून, मध्ये श्वासाचा वाढीव वेळ न घेता, सतराव्या बारच्या वरच्या बीवर करंगळी वेळेत पोहोचेल अशी ती उडी वेगळी घोटून ठेवावी.